करवतीला लावलेली बाही

चि. ठोक्यास,

ताईचे ओंजळभर आशीर्वाद. तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. कंबर कशी आहे आता? शेक घेतोस की नुसता "घेतो, घेतो" म्हणतोस? भावजयीचा खोकला गेला असेल असं धरून चालते, कारण तो असता तर तू चार ओळींत न आटपता पानभर रडगाणं लिहिलं असतंस. इकडे आम्ही दोघं ठीक. माझे गुडघे सारखे बोलत असतात, मी त्यांना उत्तर देत नाही. ह्यांचं ब्लडप्रेशर मात्र जरा वर सरकलंय. त्याचं कारण पुढे येईलच.

तू लिहिलंयस की महिनाअखेर टेम्पो घेऊन येतोस आणि तुझा टेबल सॉ घेऊन जातोस. (मी त्याला करवतच म्हणते, जिभेला बरं पडतं.) ये की! वस्तू तुझी, टेम्पो तुझा, मी कोण अडवणारी? फक्त टेम्पोवाल्याला शब्द द्यायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. म्हणजे दारात उभा राहून "ताई, हे काय करून ठेवलंस!" असं चारचौघांत ओरडायची वेळ तुझ्यावर येणार नाही. ओरडायचंच असेल तर तिकडे घरी ओरडून घे आणि शांत होऊन ये.

नवं घर लहान पडलं म्हणून तू करवत माझ्या बंद दुकानात आणलीस, तेव्हा म्हणाला होतास, एक टेबल आहे, कोपऱ्यात पडून राहील. टेबल! अरे, ज्याच्या मधोमध दातेरी पातं डोकं वर काढून बसलंय त्याला टेबल म्हणायचं, तर वाघाला मांजर म्हणायला काय हरकत आहे? आणि कोपऱ्यात तरी कुठे ठेवलीस? माझं कापड बेतायचं टेबल होतं नेमकं तिथे. दुकान बंद केल्यापासून मी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हते. (लोक तयार कपडे घेतात आणि माझ्याकडे फक्त चेन बदलायला येतात. त्याला शिवणकाम म्हणत नाहीत.) पण तूच बजावून गेलास की मोटर धरू नये म्हणून अधूनमधून चालू कर. मी आज्ञाधारक बहीण. आधी धूळ बसू नये म्हणून तिला खोळ शिवली, कोपऱ्यांना प्लेटा घालून, अगदी अंगाबरोबर. मग चालू केली. आता एवढं भिंगरीसारखं फिरणारं पातं समोर असताना माणूस हाताची घडी घालून किती वेळ बसणार? फळीचा एक तुकडा पुढे सारला. त्याचे दोन झाले, आणि कड इतकी सरळ निघाली की मी चष्मा पुसून परत बघितली. उभा जन्म कात्री चालवली रे, पण कापड हातात हलतंच. लाकूड हलत नाही, दगा देत नाही, धुतल्यावर आटत नाही. (आटतं म्हणे थोडं, पावसाळ्यात फुगतं म्हणे. ते का, हे अजून कळायचं आहे.)

आमचे हे विम्याच्या कचेरीत क्लेम तपासता तपासता निवृत्त झालेले. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, इजा केलेल्या आणि अजून न केलेल्या. करवत सुरू व्हायची झाली की हे कानात कापसाचे बोळे घालून दाराजवळच्या मेन स्विचवर हात ठेवून उभे राहतात, म्हणजे मी ओरडले की तत्काळ बंद. आता कानात बोळे घातल्यावर माझं ओरडणं यांना ऐकू कसं येणार, हे मी विचारलं. त्यावर म्हणाले, तू ओरडू नकोसच.

तर एके दिवशी शिलाई मशीनचं लाकडी झाकण पुसताना त्याच्या कडेवर बोट थांबलं. इतकी वर्षं पुसतेय, पण ही कड अशी गोल, पन्हळीसारखी कशी झाली, हे कधी मनातच आलं नव्हतं. करवत सरळ कापते, गोलाई काढत नाही. मग कोण काढतं? झाली डोक्यात किरकिर सुरू! जेवताना टेबलाची कड बघते, दवाखान्यात गेले तर डॉक्टरांच्या दाराची चौकट चाचपते. शेवटी वखारवाल्याला जाऊन विचारलं. त्याने आधी माझ्या मागे कुणी पुरुषमाणूस उभा आहे का ते पाहिलं, आणि कुणी नाही म्हटल्यावर नाइलाजाने मला सांगितलं की त्याला राउटर लागतो. एक हातात धरायची मोटर, तिच्या तोंडाशी बोटाएवढं पातं गरागरा फिरतं, आणि कडेने नेलं की पात्याचा जसा आकार तशी नक्षी कोरली जाते. आपल्या शेजारच्या वायरमनकडे तसला एक पडून होता. (मुलाच्या लग्नात पलंग करून देतो म्हणाले होते. मुलाला आता दोन पोरं आहेत.) तो त्यांनी आनंदाने दिला. मी दोन्ही हातांनी गच्च धरून चालवला, आणि माझी कड अशी आली की उंदराने कुरतडलेली फळी तिच्यापुढे सुबक दिसावी. राउटर उड्या मारतो रे. त्याला धरू की फळीकडे बघू?

राउटर फेकून देणार होते. पण चहा पिता पिता नजर शिलाई मशीनवर गेली आणि कपाळावर हात मारला. आपण मशीन कधी हातात घेऊन कापडावरून फिरवतो का? मशीन जागेवर बसतं, कापड फिरतं! म्हणजे राउटरलाच टेबलाखाली उलटा टांगायचा, पातं भोकातून वर काढायचं आणि लाकूड त्याच्यापाशी न्यायचं. मला वाटलं, आपण मोठा शोध लावला. धावत जाऊन वायरमनना सांगितला. ते म्हणाले, असली टेबलं बाजारात तयार मिळतात. शोध अर्धा तास टिकला, पण त्या अर्ध्या तासात मी फार खूश होते.

पण ठेवू कुठे नवं टेबल? दुकानात कपाटं, मशीन आणि तुझा वाघ. मग लक्षात आलं, करवतीच्या उजव्या अंगाला जी पत्र्याची जोडफळी आहे ती नुसती चार बोल्टांवर लटकतेय. तिला मी बाही म्हणते. बाही उसवायची, तिच्या जागी प्लायची नवी रुंद बाही जोडायची आणि तिच्यात राउटर. तुझी ती सरकणारी सरळ पट्टी, जिला टेकवून लाकूड ढकलायचं, ती दोन्हीकडे कामाला येईल. (हो, तुझी पत्र्याची बाही मी काढली आहे. जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली आहे. चरा नाही. बोल्ट बटणांच्या डबीत आहेत. दीर्घ श्वास घे आणि पुढे वाच.)

आता खरी गंमत ऐक. राउटर ज्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला टांगायचा, तो पत्रा प्लायमध्ये अलगद बसेल एवढं चौकोनी भोक हवं. पत्रा ठेवला, खडूने रेघ मारली, आणि हात आपला सवयीने रेघेच्या बाहेरून, शिवणीसाठी सोडतात तशी बोटभर माया सोडून कापत गेला! कापडात कापलेला तुकडा आपला, म्हणून माया बाहेर. इथे कापलेला तुकडा टाकायचा आणि राहील ते आपलं, म्हणून जे काही सोडायचं ते आत. हे मला कधी कळलं? पत्रा भोकावर ठेवला, तो सुळ्ळकन खालून बाहेर पडला आणि ह्यांच्या चपलेवर आपटला तेव्हा. (चपलेत पाय नव्हता. तरी ह्यांनी चप्पल उलटीपालटी करून तपासली.) मी तिथेच स्टुलावर बसून पोट धरून हसले. शिंपीण ती शिंपीण! शर्ट ढगळ झाला तर आत दाबता येतो, पण भोक कसं दाबणार? मग आपलाच धंदा कामी आला. भोकाला आतून चहूबाजूंनी सागाच्या पट्ट्यांचा गोट लावला, खाली पत्रा टेकायला ओठ ठेवला. वायरमन बघून म्हणाले, वा, कडेला शोभेचं काम पण केलंत! चुकीला कुणी नक्षी म्हणत असेल तर आपण कशाला दुरुस्त करा?

बाही बसली, पण खांद्यात चुण्या. म्हणजे करवतीचं लोखंड आणि माझं प्लाय यांच्यात नखभर उंचसखल. डोळ्याला दिसत नव्हतं, नखाला लागत होतं, आणि लाकूड तिथे अडखळत होतं. कॉलरला घालायचं बकरम घेतलं, त्याच्या चकत्या कापल्या आणि बोल्टांपाशी एकेक करून सारल्या. एक घातली की उंच, काढली की खोल. पातळ बकरम घेतलं, जाड घेतलं, दोन्हीची जोडी लावली, आणि कधीतरी नख फिरवलं तर सांधा लागेचना! सरकत्या पट्टीला लाकडी अस्तर लावलं आणि पातं मावेल असा त्याला गळा कापला, अर्धगोल. (गळे मी डोळे मिटून कापते.)

मग आली चाचणी. हे स्विचवर, वायरमन खिडकीबाहेर. राउटर हातात धरून चालवायचे तेव्हा तो डावीकडून उजवीकडे न्यायचा, हे पाठ झालं होतं. फळीही तशीच ढकलली. फळी माझ्या हातातून जी सुटली, ती ह्यांच्या कानाजवळून दारातून बाहेर रस्त्यात! ह्यांनी स्विच बंद केला आणि कानातले बोळे काढले. वायरमन फळी घेऊन आले. मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्या भीतीच्याही वर एकच किडा वळवळत होता, की ती त्याच बाजूला का गेली? मागे का नाही, वर का नाही? मनगटावरचं घड्याळ काढून डोळ्यांसमोर धरलं, मग पाठीमागून बघतेय अशी कल्पना केली, आणि लख्ख उजेड पडला. काटे पुढून उजवीकडे फिरतात, पण मागून बघणाऱ्याला डावीकडे. राउटर उलटा टांगला म्हणजे मी त्याला पाठीमागून बघतेय! माझ्या बाजूचे दाते उजवीकडे पळत होते, मी फळीही उजवीकडेच ढकलत होते, मग ते तिला हात धरून घेऊन गेले. फळी त्यांच्या समोरून यायला हवी, उजवीकडून डावीकडे. ह्यांना समजावलं. हे म्हणाले, घरात जा, पाणी पी. पाणी प्यायले आणि परत आले. यावेळी फळीला धरायला खाच असलेला दांडा घेतला, ह्यांना दारातून हलवून आत उभं केलं, आणि उजवीकडून डावीकडे हळूहळू सरकवली. ठोक्या, कडेवरून बोट फिरवलं आणि मला रडू आलं. झाकणावर आहे तशीच, अगदी तश्शी गोलाई, आणि ती माझ्या हातून!

तर अशी हकिगत आहे. तू ये, बाही उसवून देते, तुझी जुनी परत लावते, करवत घेऊन जा. मी शब्द काढणार नाही. इतकी वर्षं करवतीवाचून काही अडलं नव्हतं, पुढेही अडणार नाही. भावजयीला आशीर्वाद, मुलांना गालगुच्चे, तुझ्या कंबरेला शेक.

तुझी,
ताई

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद साफ खोटा आहे. मोठ्या बहिणीला शोभतो म्हणून लिहिला. करवत नेऊ नकोस रे. दुकान बंद झाल्यापासून सकाळी उठून या हातांना काय काम सांगावं ते मला कळत नव्हतं, आणि ते कुणाला सांगावं तेही कळत नव्हतं. आता उठते ती एखादा "का" घेऊनच उठते. वस्तू तुझी आहे, नाही म्हणायचा तुला पुरा हक्क आहे. नाहीच म्हणायचं असेल तर सरळ म्हण, भावजयीच्या आडून नको.

ता. क. दुसरा. टेम्पो ठरवला असशील तर रद्द करू नकोस. तुझ्या जिन्याखाली रंध्याचं मशीन झाकून ठेवलंयस ना, ते घालून आण. करवतीने कड सरळ होते, राउटरने गोल होते, पण अख्खी फळी एका जाडीची कशी होते, हे कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. त्याची खोळ शिवून तयार आहे.

मेहुणेबुवांस,

हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणून वाचलं. तुमच्या ताईने माझं जे वर्णन केलं आहे ते बरोबर आहे, मी घाबरतो. पण दुकान बंद केल्यावर ती कित्येक महिने कुणाला कशाबद्दल काहीच विचारत नव्हती. त्याची मला जी भीती वाटत होती, तिच्यापुढे ती उडालेली फळी काहीच नाही. म्हणून मशीन जरूर आणा. ते दुकानाच्या दारातून आत येणार नाही, हे मी मोजून पाहिलं. तुमच्या करवतीचे पाय निघत होते, याचे निघत नाहीत असं वायरमन सांगतात. तेव्हा आज ती वखारीत गेलेली असताना मी दाराचं एक कवाड बिजागऱ्यांतून उतरवून ठेवलं आहे. उतरवलं खरं, पण आता ते परत बसत नाही, आणि तिला विचारायची सोय नाही, पत्र वाचल्याचं कळेल. तरी लवकर या.