तीन ते सात

१९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार.

तू बरी असशील. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो डेपोत नोकरीला होते तेव्हाही कुरकुरायचाच. अकरा वर्षांनी लिहिते आहे आणि तुला ‘वहिनी’च म्हणते आहे. दादा गेल्यावर तू दुसरा संसार मांडलास, तेव्हा हे नातं उरलं की नाही मला ठाऊक नाही. पण तोंडात दुसरं काही बसत नाही, त्याला माझा इलाज नाही.

चिमीचं लग्न आठ डिसेंबरला, हे तिने तुला फोनवर सांगितलंच आहे. तू तिला म्हणालीस म्हणे, की मी आले तर चार माणसं चार गोष्टी बोलतील, तू तुझा दिवस आनंदात घालव. ठीक आहे. त्यावर मी काही बोलत नाही. मी लिहिते आहे ते मधल्या वेळेबद्दल.

त्याचं असं आहे. लग्न साडेअकराला, जेवणं तीनपर्यंत उरकतील. रिसेप्शन सात वाजता, त्याच हॉलमध्ये. मधल्या चार तासांत पाहुण्यांचं करायचं काय, ते कोणालाच सुचेना. नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, बसतील गप्पा मारत. रिकामा पाहुणा गप्पा मारत नाही, नावं ठेवतो, हे त्यांना कोण सांगणार? तीस वर्षं मी गाड्यांची वेळापत्रकं केली. दोन फेऱ्यांमध्ये ड्रायव्हरला किती मिनिटं द्यायची, जास्त दिली तर तो कुठे जाऊन झोपतो, सगळं मला पाठ. तेव्हा पट्टी-पेन्सिल घेऊन मीच बसले. म्हाताऱ्यांना पाठ टेकायला वरच्या तीन खोल्या. पोरांना घेऊन नवऱ्या मुलाची बहीण बागेत. बाहेरगावचे साठजण बसने नदीकाठी, येताना चहा. फोटोवाल्याला भरपेट जेवण, कारण उपाशी फोटोवाला सगळ्यांचीच तोंडं आंबट काढतो. साडेतीननंतर हॉलमध्ये झाडूवाल्यांशिवाय चिटपाखरू राहत नाही.

आणि चिमी साडेतीन ते साडेपाच वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, कपडे बदलायला. एकटी.

तर तू तेव्हा यावंस, असं मला वाटतं. हॉलच्या मागे, स्वयंपाकघराच्या बाजूला जिना आहे, तो थेट तिच्या खोलीपाशी निघतो. मी घड्याळ लावून चढून पाहिला. बेचाळीस पायऱ्या, गुडघ्यासकट तीन मिनिटं. तीन चाळीसला मागच्या फाटकाशी ये, मी कुलूप काढून ठेवते. पाच वीसला निघालीस तर बस परत यायच्या आत तू रस्त्याला लागशील. कोणी पाहणार नाही, कोणी बोलणार नाही. तुला मुलगी भेटेल, तिला आई.

आणखी एक. रिसेप्शनचा ड्रेस शिवून आला, तो कमरेत चांगला दोन इंच ढगळ. मी शिंप्याशी भांडायला निघाले, तर चिमीने मला अडवलं. म्हणाली, ढगळ मीच ठेवायला सांगितलाय, कंबर आई बसवेल. तू येत नाही म्हणाल्यानंतरची ही गोष्ट. तुझी सुयांची डबी अजून माझ्या कपाटात आहे. अकरा वर्षांत मी तिला कोणाला हात लावू दिला नाही. का, ते विचारू नकोस.

२० नोव्हेंबर, बुधवार

काल इथवर लिहून पत्र टेबलावर ठेवलं आणि भाजी आणायला गेले. परत आले तर चिमी ते वाचत होती. दुसऱ्यांची पत्रं वाचू नयेत, हे मीच तिला शिकवलेलं. तिने कागदाची नीट घडी घातली आणि एवढंच विचारलं,

“आत्या, माझ्या आईला तू मागच्या जिन्याने आणणार?”

मग ती चहा ठेवायला गेली. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते. भांडणात मी हरत नाही. चहा प्यायलो, भाजी तशीच पिशवीत राहिली.

वहिनी, तू बॅग घेऊन दारात उभी होतीस. चिमी शाळेत होती. तिला घेऊन जाईन म्हणालीस, आणि मी म्हणाले, “पोर माझ्या भावाची आहे, ती इथेच राहील. आणि तू या दारातून गेलीस, तर परत पाऊल टाकू नकोस.”

दादाला जाऊन तीन वर्षं झाली होती. तू बत्तीस वर्षांची होतीस. तुझं काय चुकलं होतं? काहीही नाही. मला भीती वाटली होती. दादा गेला, तू निघालीस, पोरही गेली तर त्या घरात मी आणि माझी वेळापत्रकं. ती भीती मी रागाचं सोंग घेऊन तुझ्या अंगावर टाकली. पोर तू माझ्याकडे ठेवलीस ती मला भिऊन नव्हे. तिची शाळा, तिचं घर एकदम तुटू नये म्हणून. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही गप्प बसले. दर रविवारी ती तुला भेटून यायची आणि मी फक्त ‘जेवलीस का’ विचारायची. तू कशी आहेस, हे विचारायला जीभ वळायची नाही.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत. तोंडून गेलेला शब्द मागे न घेता तुला आणायचं कसं, याचंच वेळापत्रक मी काल करत होते.

ते फाडलं नाही, पाहुण्यांचा भाग चांगला जमलाय. बदल एवढाच, की तू सकाळी साडेदहाला ये, पुढच्या दाराने. तुझ्या यजमानांनाही आण. त्यांचं औषधांचं दुकान आहे ना, मी गुडघ्याच्या गोळ्यांपासून बोलायला सुरुवात करीन. कोणी चार गोष्टी बोललं तर माझ्याकडे पाठव. माझ्या जिभेला हाड नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? एकदा तरी ती तुझ्या बाजूने चालू दे.

तीन ते सात आपल्या तिघींसाठी काही लिहिलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी रकाना रिकामा सोडलाय. तू कंबर बसव, मी टाचण्या धरीन. मागच्या फाटकाचं कुलूप आता निघणार नाही, हॉलवाल्याकडून घेतलेली किल्ली मी चिमीकडे दिली आहे.

एक शब्द लिहायला हात धजत नव्हता, म्हणून हे चार तासांचं पुराण लावलं. माफ कर.

साडेदहाची वेळ देऊन दहापासूनच दारात उभी राहणारी,

तुझी नणंद