चार नंबरच्या टाकीबाबत

मी, लखीराम डोंगरसिंग आडे, वय चोवीस, शिक्षण आठवी (तेही सरांनी हात जोडले म्हणून), मूळ राहणार ढाणकीजवळचा तांडा, ता. उमरखेड, जि. यवतमाळ, सध्या कोचीत शोभेच्या समुद्री माशांच्या दुकानात कामाला, हा कागद राजीखुशीने करतो. डोकं ठिकाणावर आहे. उजवा हात तेवढा ठिकाणावर नाही; उद्या त्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, यात कोणी मरत नाही. तरी भूल द्यायच्या आधी माझी सही घेतात, म्हणून मीही माझी सोय केली.

१. तुरीच्या वावरातला माझा हिस्सा याडी भुरीबाई, म्हणजे आईला. कसते तीच, त्यामुळे मी फार मोठं दान करतोय असं नाही.

२. मोटारसायकल काका पूनमसिंग यांना. ते ती न विचारता चालवतातच. आता निदान पेट्रोल तरी टाकावं. नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा यांनी विचारलं, "किलोचा भाव काय बे?"

"काका, हे खायचे नाही, पाहाचे मासे हायेत. त्याइचं दुखणंखुपणं पाहाचं काम हाये."

"खात नाही, मंग त्याइले डाक्टर कायले लागते?"

तेव्हापासून तांड्यात मी मच्छीचा डाक्टर.

३. ती डाक्टरकी ज्याला हवी त्याने फुकट न्यावी. माशाच्या अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे दिसले तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. बॅटरी मारल्यावर सोनेरी धूळ चमकली तर मखमली रोग. दोन्हींवर औषध आहे. पण खाऊनही पोट आत चाललं, रंग उतरला, जखम भरेना, तर तो माशांचा टीबी. त्यातून मासा काही बरा होत नाही, आणि पाण्यातून तो माणसाच्या कापलेल्या हातातही शिरतो. चार नंबरच्या टाकीतले जोकर मासे असेच वाळत होते. मालक म्हणाले, "नखरे करतात." मी माझ्या हातावरच्या गाठींना गजकर्णाचं मलम चोळत बसलो. खऱ्या डॉक्टरने "काम काय करतोस?" एवढंच विचारलं आणि गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. निघाला तोच, माशांचा टीबी.

४. नोकरी. काका ऊसतोडीचे मुकादम. टोळीतला माणूस पडला की त्याच्या जागी भाऊ उभा करायचा, हा त्यांचा कायदा. मला न विचारता त्यांनी मालकाला फोनवर त्यांच्या परीच्या हिंदीत शब्द दिला, "लखीचा एक हात गेला त घाबरू नका शेठ, सेवादासचे दोन हायेत." सेवादास माझा धाकटा भाऊ. परवा गाडीत बसतो आहे. मालक खूश, चार नंबर धुवायला माणूस मिळाला.

मी सेवादासला व्हिडिओ कॉलवर विचारलं, "हातमोजे घालशीन ना?"

"भिया, कोयता धरून हात दगड झाले. मोजे कायले?"

त्या दगडांवर सध्या निंदणाच्या विळ्याचे ओले काप आहेत. मालकाला म्हटलं, टाकी बंद करा. ते म्हणाले, आधी मासे एका हॉटेलला विकू, मग बघू.

५. सबब, आज दुपारी मालक जेवायला गेले असता मी त्या टाकीत लवंगाचं तेल सोडलं. मासे शांत झोपले. आता उठणार नाहीत. टाकी रिकामी करून काच फोडली. मालक आले आणि बराच वेळ मल्याळममध्ये बोलले. मला समजत नाही असं वाटून शेवटी बोटाने दार दाखवलं.

त्यामुळे कलम चारमधली नोकरी कोणाच्याही नावे करता येत नाही. सेवादास, तिकीट रद्द कर.

सही: लखीराम आडे (डाव्या हाताने)

साक्षीदार:
१. संघर्ष पाझारे, रा. राजूर, ता. वणी. माझ्या खोलीतला सोबती. काच उचलू लागला, मोजे घालून.
२. शीला, वॉर्डातली नर्स. मराठी येत नाही, पण सही करताना मला पाहिलं आहे.

ठिकाण: कोची
दि. १९ ऑगस्ट २०२५