दिवसातून एकदा 'मी आहे'

सर, काल घाटकोपरला तिच्या घरी गेले होते. ती म्हणजे तुमची लाडकी. आम्हा दोघींच्या प्रोजेक्टचे गाइड तुम्हीच, पण मला वाटायचं, गाइड तिचे आणि माझ्या वाट्याला फक्त सही. तुम्ही तिला दिलेली, सर्किटच्या तारा जोडायची सोल्डरिंग गन अजून तिच्या शोकेसमध्ये आहे. चहा घेताना माझी नजर सारखी तिकडेच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले, तरी माझ्या पोटात दुखायचं काही थांबत नाही.

अंधेरीच्या कॉलेजातली ती वरच्या मजल्यावरची लॅब आठवते. बोरिवलीच्या जंगलात वणव्याची चाहूल लागावी म्हणून आपण झाडांवर सेन्सरचे डबे बांधणार होतो. बॅटरी संपली की बिबट्याच्या इलाख्यात चढून जायचं, म्हणून तुमचा एकच घोषा: मोजायला वीज फार लागत नाही, कळवायला लागते. उष्णता एकदम वाढली तरच डब्याने बोलायचं, नाहीतर झोपून राहायचं. माणसांनाही तुम्ही तोच नियम लावलात. ती रोज काहीतरी उलटं जोडते आणि तुम्ही तिच्या टेबलाशी उभे. "अगं बाई, डोकं घरी ठेवून आलीस का? कर पुन्हा, मी बघतोय." शेजारी माझं सर्किट पहिल्या फटक्यात चालतं. तुम्ही वाकून बघता आणि पुढे जाता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

काल हे तिला बोलून दाखवलं, तर ती हसतच सुटली. "अगं वेडे, मी रोज शिव्या खायचे यार! तुझं सगळं बरोबर असायचं ना, म्हणून ते गप्प. एवढी हुशार तू, आणि एवढं कळलं नाही तुला?"

नाही कळलं, सर. आणि कसं कळणार? आठवतं, एक डबा बरेच दिवस काही बोलला नाही आणि आपण निवांत होतो, सगळं ठीक असेल म्हणून. जाऊन बघितलं, तर माकडांनी तो फोडून ठेवलेला. झोपलेला आणि मेलेला लांबून सारखाच दिसतो, असं तुम्हीच तेव्हा म्हणालात. मग प्रत्येक डब्याला शिकवलंत, नवं काही नसलं तरी दिवसातून एकदा 'मी आहे' एवढं कळवायचं. डब्यांसाठी तेवढी वीज खर्च करायला तुम्ही तयार होतात. माझ्यासाठी वर्षातून एकदा "छान" म्हणायला काय जात होतं तुमचं?

निघताना तिने ती गन माझ्यापुढे धरली. "ने ना, तुला हवीये ना?" मी नको म्हटलं. गन नकोच होती मला, त्या शिव्या हव्या होत्या. हे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते: तिच्यासारखी एक तार उलटी जोडून बघावी, असं कितीदा मनात यायचं. जोडायला हवी होती.