डोंगरावरची कूक

कोरगाव, ता. १२ एप्रिल १९८८

चि. नारायण यास बायचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळी मजेत. यंदा काजू चांगला धरलाय, त्यामुळे माकडंही खूश आहेत. सून म्हणते, सासूबाईंचं तोंड चालतंय तोवर तब्येत विचारायला नको. तू आमोण्याला नदीचे मासे खाऊन बराच सुटला असशील.

मुख्य बातमी अशी की, गोव्याचं वेगळं राज्य झालं त्याला तीस मे रोजी वर्ष होतं. त्या दिवशी तुझ्या भाऊजींच्या नावाचा दगड डोंगराच्या पायथ्याशी बसवणार आहेत. समिती आधी मराठी की कोकणी यावर भांडली. ते मिटलं, आता लिहायचं काय यावर पेटलंय. बाबलीमास्तर म्हणतात, पंचावन्न साली पोर्तुगीज पाखल्यांच्या शिपायांची धाड आली तेव्हा त्यांनी हातात तिरंगा घेऊन जयघोष केला आणि गोळी झेलली. सगुण तेव्हा डोंगरावर आमच्या शेजारच्या बागेत होता. तो सभेत उठला. "खंयचो झेंडो? मी थंयच होतंय. तो माकडांक हाकलूंक कूक घाली होतो," म्हणाला. मास्तर काजूच्या पिकल्या बोंडूसारखे लाल झाले. मी तोंडाला पदर लावून हसले. लोकांना वाटलं, बाई रडते. चहा दोनदा मिळाला.

तिसरी हकीकत तुझी. तुम्ही चळवळीतली पोरं वर लपला होता, तुम्हांला सावध करायला त्यांनी कूक घातली आणि त्या आवाजावर शिपायांनी गोळी झाडली. तू हे मला कधी बोलला नाहीस. गेल्या दिवाळीत तुझ्या बायकोने सांगितलं. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे यायचं असतं. आपल्याकडे बहीणच निरांजन पिशवीत घालून बसने आमोण्याला येते, आणि भाऊ ओवाळताना खाली बघतो. का ते मला तेव्हा कळलं.

आता ऐक. आम्ही नवराबायको एकमेकांचं नाव घेत नव्हतो. मग डोंगरावरून हाक कशी मारायची? कूक घालायची. एक लांब म्हणजे पेज घेऊन ये. दोन तुटक म्हणजे येऊ नको, वाटेत जनावर आहे. त्या दिवशी पेजेचं मडकं घेऊन मी अर्ध्या चढणीवर होते. दोन तुटक आल्या. मी मागे वळले, आणि गोळीचा आवाज झाला.

ती कूक माझी होती, नारायण. तुम्ही वर आहात हे तुझ्या भाऊजींना ठाऊकच नव्हतं. असतं तर सकाळी पेज जास्त घालायला सांगितलं असतं. उपाशी पोरं त्यांना बघवत नसत.

इतकी वर्षं बोलले नाही. माणूस साऱ्या गावाचा झाला होता, एवढी एक कूक मला एकटीला ठेवायची होती. पण तुझ्यापुढे तिचं मोल नाही रे. मास्तरांना सांगितलंय, नाव घाला, तारीख घाला, बाकी दगड कोरा ठेवा. मास्तर आणि सगुण दोघेही रुसलेत. पेज प्यायला बोलावलं की येतील.

तू ये. बस आता दारापर्यंत येते, तरी पायथ्याशीच उतर आणि कूक घाल. एकच, लांब.

ओ द्यायला पायरीवर बसलेली,
तुझी बाय