बिल्डरचा एक रुपया

मुलुंड (पूर्व), मंगळवार

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या बाळाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचं पित्त आणि परसातली कलमं सुखरूप असावीत. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही दोन वाक्यांत मला गप्प करता. पत्रात ती सोय नाही.

आमची बिल्डिंग पुनर्विकासात गेली, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तीस तारखेला घर रिकामं करायचं आणि नवी इमारत होईपर्यंत बिल्डर दरमहा भाडं थेट खात्यात भरणार. त्या भरवशावर मी घाटकोपरला खोली ठरवून आलो (खोली कसली, दुसरी खाट टाकली की दार उघडत नाही). तर भाडं सुरू करण्याआधी म्हणे खातं तपासणार! एक कोरा चेक द्या आणि त्यावर 'रद्द' लिहा. दादा, लक्ष्मी उंबऱ्यावर यायच्या आत तिच्या कागदावर 'रद्द' लिहायचं? सुलक्षणा म्हणाली, निदान कोपऱ्यात लिहा. पण माझं डोकं फिरलं होतं. नातीचा जाड काळा मार्कर घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत असं लिहिलं की छापील नावसुद्धा त्याखाली गाडलं गेलं. खात्याचा नंबर तेवढा दिसत होता. फॉर्मवर तोच उतरवला.

मग खात्रीसाठी त्यांनी खात्यात एक रुपया टाकला. एकसष्ट वर्षांच्या माणसाची परीक्षा एका रुपयात! आणि मी नापास. बिल्डरच्या ऑफिसातली श्वेता म्हणाली, "काका, रुपया गेला, पण बँकेत नाव वेगळंच आहे. मॅच नाही होत ना!" म्हणजे मी मी नव्हेच? आधार दाखवलं, पॅन दाखवलं, लग्नपत्रिका दाखवली. तिसऱ्या खेपेला सुलक्षणेलाच उभं केलं. म्हटलं, पस्तीस वर्षं ही मला कुठल्या नावाने हाक मारते ते विचारा. (तिने आजवर नावाने हाक मारलेलीच नाही, हे तिथे लक्षात आलं.) तीनदा रुपया, तीनदा नापास. बँक आंधळी आहे आणि बिल्डरला भाडं बुडवायचंय, असं मी सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहून टाकलं. आपल्या घराण्यात खोटेपणा कुणी केला नाही, मग ऐकून का घ्यायचं?

रागाने अक्षर बिघडत चाललंय, म्हणून थांबतो. वहिनींना नमस्कार.

तुमचा बाळा
(बँक काहीही म्हणो)

ता. क. पत्र पाकिटात घालताना सुलक्षणेने कपाटातला डबा पुढ्यात आणून ठेवला. म्हणाली, "तुमचा चेकबुक हय तसाच आसा. तुम्ही फाडलात तो चेक दादांचो!" तुम्ही गावी जाताना अडीअडचणीला म्हणून ठेवलेलं, ते पुस्तक. फळा पुसून आलो. वहिनी मागे सांगत होत्या, कुणी चोर एकेक रुपया टाकून खातं चाचपतोय म्हणून तुम्ही बँकेत तक्रार करून खातं गोठवायला लावलंत. तो चोर मी. तक्रार कृपा करून मागे घ्या.

आणखी एक. माझा खरा चेक आज दिला, पण तपासायला पंधरा दिवस लागणार आणि घाटकोपरचा मालक तीस तारखेलाच अनामत मागतो. तुम्ही सही करून ठेवलेला एक चेक डब्यात अजून आहे. दादा, अडीअडचण ती हीच. भरू का? 'रद्द' लिहिणार नाही.