मोरीमागची फुटबॉल लिली

चि. बारकीस थोरल्या दादाचे पोटभर आशीर्वाद.

गुडघा कसा आहे? माझे दोन्ही बरे आहेत, म्हणजे कुणी जिन्याचं नाव काढेपर्यंत बरे असतात. तुझी वहिनी ठणठणीत. तोंड चालू आहे त्यावरून ओळखलं.

घर मोडून लेकाकडे जाताना तू ती फुटबॉल लिलीची कुंडी माझ्या गळ्यात मारलीस आणि वर म्हणालीस, "दादा, फूल आलं की राहायला येईन." (यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं! मध्ये कुंडी कशाला?) बारके, असला ऐदी प्राणी मी जन्मात पाहिला नाही. पानं झडली आणि महाराज मातीखाली झोपले ते झोपलेच. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर (फोनवर झाडांचे फोटो बघतात, म्हणून त्यांना बागेतलं कळतं) म्हणाले, "याला ऊन हवं." झालं! सकाळी गॅलरीत, दुपारी जिन्यात, संध्याकाळी खिडकीत, कुंडी पोटाशी धरून मी उन्हामागे फिरतोय. वहिनी म्हणाली, "पोरांना कधी एवढं कडेवर घेतलं नाहीत." मग त्याच गृहस्थांना सुचलं की याला सावली हवी. कुंडी पलंगाखाली. रोज तांब्याभर पाणीही घातलं, आणि कुजला की काय म्हणून दर रविवारी कंद उकरायचा, पुसायचा, हुंगायचा, परत पुरायचा. (तुम्हाला कुणी असं अंथरुणातून ओढून हुंगलं तर तुम्ही फुलाल का, असं वहिनी विचारते. तिला यातलं शास्त्र कळत नाही.)

शेवटी महिन्यापूर्वी मॅनेजरांनी कंद दोन बोटांत धरून निकाल दिला, "मेलाय." माझं डोकंच फिरलं. त्यांना भिरकावता येईना, म्हणून कंद भिरकावला. मोरीमागच्या विटांच्या ढिगात. सुटलो!

तेव्हा फुलाची वाट बघू नकोस. असल्या कांद्याच्या भरवशावर शहाणी माणसं येणंजाणं ठरवत नाहीत.

तुझा,
दादा

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात वहिनीने हाक मारली. विटांच्या फटीत, मोरीचं साबणाचं पाणी पिऊन, हा लालभडक चेंडू उभा! अंगभर टाचण्या टोचल्यासारखा. मॅनेजर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताहेत, "मी म्हटलंच होतं." मी ढुंकूनही बघितलं नाही. (दोनदाच जाऊन आलो.)

आणखी एक. फूल आठवडाभर टिकतं म्हणे. तुझी लेकाची, सुनेची, गुडघ्याची कारणं संपेपर्यंत सुकेल. सुकू दे. मी दांडा दाखवीन, पण कबूल केलंयस ते केलंयस. मागची खोली तयार आहे. कुंडी आली त्याच दिवशी रिकामी केली होती.