बोटभर तलवारवाली

मारेगाव, २ मे २०२५

ती. बेबीताईस,
राजदीपचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो. अर्पिताचं बँडेज निघालं. होळीला कढईतलं तेल उजव्या हातावर पडलं, तेव्हापासून मूठ वळल्यासारखीच आहे. डॉक्टर म्हणाले, बोटं रोज हलवा, नाहीतर अशीच आखडून राहतील. रबरी चेंडू दिला, तो तिनं नालीत फेकला. निकिता विनवते, तर ही आईपासूनही हात फ्रॉकखाली लपवून बसते. नऊ वर्षांच्या पोरीला किती रागवायचं?

काल माळ्यावरून नागपूरच्या होस्टेलातली माझी पेटी काढली. आठवते का? बोटभर उंचीचे खेळण्यातले पुतळे: राक्षस, कुऱ्हाडवाले बुटके, पंखांचे ड्रॅगन. अभ्यास सोडून रंगवायचो. नोकरी लागली आणि सुटलं. अर्पितानं झाकण उघडलं, ते बराच वेळ लावलं नाही. रंग मागवले आहेत.

तुझी माया आहेच, ती तशीच असू दे.
राजदीप

पांढरकवडा, ९ मे

चि. राजदीपला बेबीताईचे अ. आ.

तुझ्या राक्षसांना कशी विसरेन? माझ्या नेलपेंटनं एकाचे दात रंगवले होतेस. बाबा म्हणाले होते, इंजिनिअर व्हायले पाठवलं अन् हा बाहुल्या सजवून राह्यला.

पण जपून. एवढ्याशा पुतळ्यावर ब्रश घसरला तर पोरगी पुन्हा हात लपवेल. उगीच वाहवा करू नको, लेकरांना खोटं लगेच कळतं. शिकवायलाही बसू नको, तू तुझा रंगव. आणि निकिताला म्हणावं, कढई तुझ्या हातून कलंडली हे आता पुरे. दोष उगाळून बोटं सरळ होत नाहीत.

पत्र टाकत जा, अर्धा जीव तिकडेच असतो.
तुझी ताई

मारेगाव, ६ जुलै

ती. ताईस सा. न.

तुझं ऐकलं. मी माझा बुटका घेऊन बसलो. मला चष्मा लागलेला, हाताची सवय मोडलेली. बुटक्याचा डोळा थेट गालावर गेला. अर्पितानं विचारलं, तुमचा हात तं चांगला हाये, मग डोळा गालावर कायले काढला? तिनं ब्रश मागितला. धरता येईना, तेव्हा निकितानं दांडीला चिंधी गुंडाळून ती जाड केली. तरी पडायचा. कितीदा रडत उठून गेली आणि आपणच परत आली.

आता रोज संध्याकाळी बसतो. तीन बोटं बऱ्यापैकी उघडतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं नाही. त्यांना ऑपरेशन लागेल म्हणतात.

काल तिची पहिली मूर्ती पूर्ण झाली. तलवार घेतलेली बाई. चिलखत निळं, केस लाल, तोंड नीट. फक्त तलवारीचा हात गुलाबी-तपकिरी, डागाडागांचा. मला वाटलं रंग सांडला, म्हणून सारखा करायला ब्रश उचलला. तिनं माझं मनगट धरलं, उजव्या हातानं. म्हणाली, राहू द्या बाबा, तिचा हात असाच हाये.

निकिता दारात उभी होती. ती येऊन आमच्यात बसली आणि तिनं एक राक्षस आपल्यापुढे ओढला.

दाजींना नमस्कार. आम्हा तिघांवर लोभ ठेव.
राजदीप